कडीचा पोहरा

आमच्या इमारतीखाली गाड्या लावायची जागा आहे. तिथं मागच्या कोपऱ्यात एक लोखंडी झाकण आहे. त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांची गाडी उभी असते. नव्यानं राहायला आलेल्यांना वाटतं गटाराचं झाकण आहे. गटार नाही, विहीर आहे. पाणी आहे तिच्यात अजून.

बायको जाऊन आता हा दुसरा चातुर्मास. घरात बोलायला कोणी नाही आणि त्या झाकणाखेरीज डोक्यात दुसरं काही येत नाही, म्हणून लिहायला बसलो. शिक्षण चौथीपर्यंत. मनात एक आणि तोंडात दुसरं मला कधी जमलं नाही, तेव्हा कोणाला लागलं तर लागू दे.

आम्ही कोल्हापूरकडचे जैन. पनवेलीत जैन म्हटलं की लोकांना पेढीवरचे मारवाडी-गुजराती आठवतात. माझं आडनाव मराठी, बोलणं घाटावरचं, बाप शेतकरी. लोक विचारायचे, "तुम्ही जैन कधी झालात?" मी म्हणायचो, "झालो नाही, आहोत. तुम्ही कधी झालात ते सांगा." मी इथं आलो तो भातगिरणीत कामाला. तेव्हा गावाच्या चारी बाजूंनी भात होतं. पुढं विमानतळ येणार म्हणून बोलणं सुरू झालं, शेतं विकली गेली, गिरणी बंद पडली. भातच नाही तर गिरणी काय भरडणार.

राहायला आम्ही बाजाराच्या आत, वडाळे तलावाच्या अलीकडं, एका बैठ्या चाळीत होतो. चाळीत आम्हीच काय ते जैन, बाकी सगळे मासे-मटण खाणारे. भांडण कधी नव्हतं. मागच्या अंगणात विहीर होती, काळ्या दगडाची, आत उतरायला पाच-सहा पायऱ्या. नळ आले होते, पण आमची ही प्यायला आणि स्वयंपाकाला विहिरीचंच पाणी घ्यायची. कारण तिचं ते पाणी गाळणं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात पाणी गाळल्याशिवाय वापरत नाहीत. जाड खादीचं फडकं दुहेरी करून हंड्याच्या तोंडावर बांधायचं आणि त्यातून पाणी ओतायचं. फडक्यावर जे राहतं त्यात बारीक जीव असतात, डोळ्याला दिसोत नाहीतर न दिसोत. त्याला आम्ही जिवाणी म्हणतो. ती फेकायची नाही. गाळलेलं थोडं पाणी फडक्यावर उलटं ओतून ते जीव भांड्यात घ्यायचे आणि ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत सोडायचे. विहिरीतले विहिरीत, ओढ्यातले ओढ्यात. एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात टाकला तर तो मरतो, आणि मारल्याचं पाप आपल्याला.

आणि सोडायचे म्हणजे वरून ओतायचे नाहीत. वरून पाणी आदळलं तर जीव चिरडतात. त्यासाठी कडीचा पोहरा लागतो. पोहऱ्याच्या बुडाला एक कडी असते, तिला वेगळी बारीक दोरी. मोठ्या दोरानं पोहरा हळू खाली सोडायचा आणि बूड पाण्याला टेकलं की बारीक दोरी ओढायची. पोहरा आडवा होतो आणि जिवाणी पाण्यात मिसळते. आवाज येत नाही. तिचा पोहरा मीच गिरणीतल्या लोहाराकडून कडी जोडून आणला होता. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "कडी जरा वाकडी बसलीय की ओ." मी म्हटलं, "किड्यांना सांग, जरा वाकडे होऊन उतरा."

आमच्या भिंतीला लागून एक कोळीण राहायची. माहेर करंजाचं, नवरा उरणकडं बंदरावर कामाला. मला भाऊ म्हणायची, म्हणून ही तिची वहिनी. ती दारात मासे साफ करायला बसली की ही आपलं दार लोटून घ्यायची, आणि मासे धुऊन झाले की कोळीण स्वतःच हाक मारायची, "वहिनी, उघडा आता. गेले सगले वैकुंठाला." विहिरीवर दोघींची वेळ एकच. ही कडीचा पोहरा वर ओढून घ्यायची, की तिची बादली धाडकन खाली.

"सोडलेत काय सगले जीव?"

"सोडले."

"मंग तेच माझ्या बादलीत आले बघा. मी पिते त्येंना. तुमचं काम फुकट गेलं."

"माझं मी केलं. तुमचं तुम्ही बघा."

"मी कुठं बघतेय? म्हनून तर मला चव लागते."

असं हसत-खिदळत चालायचं. पुढं पुढं कोळीणपण फडक्यातून पाणी गाळायला लागली. जिवाणी परत सोडायची नाही, ओट्यावर झटकायची. त्यावरून ही तिला बोलायची. मग ती झटकायच्या आधी हिच्याकडं बघायची, आणि ही बघत असली तर विहिरीत सोडायची.

त्या विहिरीत एक कासव होतं. आम्ही चाळीत आलो तेव्हापासून होतं, कोणी आणून टाकलं ठाऊक नाही. काही मासेपण होते, बोटाएवढे, काळसर. दुपारी ऊन उभं विहिरीत उतरलं की कासव खालच्या पायरीवर येऊन बसायचं, मान लांब करून. पोहऱ्याचा दोर हलला तरी हलायचं नाही. ही त्याला 'मालक' म्हणायची. "मालक उन्हाला बसलेत, थांबा जरा, मग पाणी काढा." हे आम्ही रोज बघत होतो. रोज. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढं ते आम्हाला आठवलं नाही.

मग चाळ पाडून इमारत बांधायचं ठरलं. बिल्डर जैनच होता, आमच्यातला नव्हे, श्वेतांबर. माणूस धर्माचा. गोशाळेला चारा पाठवायचा, पर्युषणात कत्तलखान्याच्या दारातून बकरे सोडवून आणायचा. घरी आला तो हात जोडून. "जय जिनेंद्र काका, जय जिनेंद्र काकी." नकाशा दाखवला. विहीर होती तिथं गाड्या उभ्या राहणार होत्या.

ही नकाशा बघत बसली आणि म्हणाली, "विहीर कुठंय?"

"काकी, विहीर बुजवायला लागेल. पण टेन्शन नका घेऊ. आधी विधी करू, पूजा करू. मासे, कासव सगळं काढून तलावात सोडू. आपली जीवदया आहेच ना."

"मासे काढाल. बाकीचे?"

"बाकीचे कोण?"

"जिवाणीतले."

तो माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "माझ्याकडं बघू नका. ती जे रोज परत सोडते, त्यांचं विचारतेय."

त्यानं नकाशा गुंडाळून घेतला. ते बरं केलं, उगीच काहीतरी बोलला नाही. पण तेव्हापासून हिची झोप गेली. ती म्हणायची, बुजवली तर दगडमातीखाली सगळे मेले. तलावात सोडले तर पाणी बदललं, तरी मेले. कासवाचं एक वेळ सोडा, ते धडधाकट. पण ज्या नियमानं मी जन्मभर त्याच विहिरीत सोडत आले, त्याच नियमाचं आता काय करायचं?

भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. पनवेलीत आमचं दिगंबरांचं देऊळ म्हणजे एका इमारतीतल्या पहिल्या मजल्यावरची खोली. आम्ही घाटावरचे त्याला बस्तीच म्हणतो. प्रवचनाला बाहेरून एक पंडित आले होते. प्रवचन संपल्यावर ही उभी राहिली. बायकांत उभं राहून बोलायची तिची ती पहिलीच वेळ. म्हणाली, "पंडितजी, एका पाण्यातले जीव दुसऱ्या पाण्यात सोडले तर चालतील का?"

पंडितजी म्हणाले, "नाही. शास्त्रात स्पष्ट आहे."

"आणि बुजवली तर?"

"ती तर उघड हिंसा आहे."

"मग करू काय?"

पंडितजींनी अहिंसेवर पुष्कळ सांगितलं. काय करायचं ते सांगितलं नाही. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "ह्यांच्यापेक्षा बिल्डर बरा. निदान गप्प तरी बसला." ही पुढं पुढं चालत होती. तलावाच्या कठड्यापाशी आली आणि थांबली. चेहरा उजळला होता. म्हणाली, "अहो, बुजवायचीच कशाला? झाकायची. वर स्लॅब टाकायचा. खाली पाणी तसंच राहील, जीव तसेच राहतील. कोणाचं पाणी बदलायचं न्हाई, कोणाला मारायचं न्हाई."

मला ते फार पटलं. आता लाज वाटते, पण पटलं. बिल्डरलाही पटलं. इंजिनीयर आधी कुरकुरला, मग म्हणाला, होईल. विहिरीवर जाड स्लॅब पडला. मधे एक चौकोन ठेवून त्यावर लोखंडी झाकण बसवलं, कधी साफसफाई करायची झाली तर असावं म्हणून.

बिल्डरनं ही गोष्ट त्यांच्या समाजात सांगितली. आमच्या बस्तीतही पोचली. दिवाळीत तिथल्या कार्यक्रमात हिला पुढं बोलावून शाल-श्रीफळ दिलं. बोलणारा म्हणाला, ह्या भगिनीनं असंख्य जीव वाचवले. टाळ्या झाल्या. फोटो काढला. ही मान खाली घालून उभी होती, पण मला दिसत होतं, खूश होती. मीपण होतो. घरी येताना मी कांद्या-लसणावाचूनची भेळ बांधून घेतली. सूर्य बुडायच्या आत दोघांनी तलावाच्या काठी बसून खाल्ली. आमच्या संसारातल्या बऱ्या दिवसांत मी तो दिवस धरायचो.

इमारत होईपर्यंत आम्ही नवीन पनवेलला भाड्याच्या खोलीत गेलो. तिथं नळाचं पाणी. ही गाळायची आणि जिवाणीची वाटी हातात घेऊन उभी राहायची. एकदा म्हणाली, "हे पाणी धरणातलं न्हवं? तिथं सोडून याल का?" मी म्हटलं, "वाटी घेऊन रिक्षानं जाऊ का एसटीनं? कंडक्टरला सांगतो, एक फुल, बाकी सगळे हाफ." ती हसली. मग वाटी मोरीशेजारच्या कुंडीत ओतली, आणि रोज ओतताना तोंड वाकडं करायची.

एक दिवस कोळीण भेटायला आली. तीपण तिकडंच जवळ भाड्यानं राहत होती. चहा घेता घेता जुन्या चाळीचं बोलणं निघालं. ही मोठ्या उमेदीनं स्लॅबचं सांगायला लागली. कोळीण बशी तोंडाशी नेता नेता थांबली.

"वहिनी, मंग ते कासव?"

"आत हाय की. सुखरूप."

"आत? अंदारात?"

"पाणी त्याचंच आहे."

"आवो, कासव काय मासा हाय? त्येला ऊन लागतंय. तुमचे मालक रोज दुपारी पायरीवर बसायचे, इसरलात? आमी खातो, पन मारून खातो. तुमी तर जित्ता गाडलात त्येला."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच कसं तरी झालं. म्हणाली, "माझ्या तोंडाला काय कुलूप नाय, मनावर घेऊ नका." पण तीर सुटला तो सुटला. ही कपबशी घेऊन आत गेली ती बाहेरच आली नाही. मी मोरीत डोकावलो. रिकामा कप धूत होती, परत परत.

त्या दिवसापासून तिनं गूळ-साखर सोडली. मी विचारलं तर म्हणाली, "रसत्याग." मी म्हटलं, "तू चहा फिका प्यालीस म्हणून त्याला ऊन मिळणार आहे का?" ती म्हणाली, "न्हाई मिळणार. पण मला गोड लागत न्हाई, त्याला मी काय करू?" शाल पेटीच्या तळाला गेली. फोटो मी भिंतीवर लावला होता तो तिनं काढला.

मी बिल्डरकडं गेलो, झाकण उघडून द्या म्हटलं. तिथं वर बांधकामाचं सामान पडलं होतं, सळ्या, सिमेंटच्या गोण्या. तो म्हणाला, "काका, बिल्डिंग होऊ दे, मग बघू." बिल्डिंग व्हायला लागायचा तेवढा वेळ लागलाच.

राहायला आलो तेव्हा आमची खोली चौथ्या मजल्यावर. कोळीण पहिल्यावर. ही सामान लावायच्या आधी खाली गेली झाकण बघायला. तर झाकणावर गाडी. ती जागा तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांच्या वाट्याला आलेली. पुण्याकडचा तरुण माणूस, कॉम्प्युटरवर काम, बेलापूरला ऑफिस. वाईट नाही. मी सांगितल्यावर म्हणाला, "काका, खाली विहीर आहे? भारीच की. पण मी आता घाईत आहे." गाडी सकाळी जायची ती संध्याकाळी यायची. दिवसा जागा मोकळी असायची, पण झाकण जड, दोघा-तिघांशिवाय हलेना, आणि वॉचमन म्हणायचा सेक्रेटरींना विचारा. सेक्रेटरी म्हणाले, कोणी आत पडलं तर जबाबदार कोण? मीटिंगमध्ये घ्या. मीटिंगमध्ये घेतलं. पुढच्या मीटिंगवर ढकललं. कासवाचा विषय निघाला की लोक हसायचे. हिला ते कळायचं. तरी ती दुपारी खाली जाऊन त्या मोकळ्या जागेत उभी राहायची, पायाखालच्या झाकणाकडं बघत. वॉचमननं खुर्ची द्यायला सुरुवात केली.

मग तिचं दुखणं सुरू झालं. फुप्फुसात पाणी भरायचं. दवाखान्यात काढायचे, परत भरायचं. ती मला म्हणाली, "बघा, पाणी माझ्याकडं आलं." मी तिला रागवलो. असलं बोलणं मला खपत नाही. पण तिचं खाली जाणं बंद झालं, ते झालं.

तेव्हा कोळीण सेक्रेटरींच्या दारात जाऊन उभी राहिली. काय बोलली ते मला तिनं सांगितलं नाही, पण दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं होतं. रविवारी झाकण उघडायचं ठरलं. साहेबांनी स्वतः गाडी काढली आणि टॉर्च घेऊन थांबले. कोळणीचा भाऊ करंजाहून आला, स्वतःची होडी असलेला माणूस, हातात छोटं जाळं. म्हणाला, "आयुष्यात पयल्यांदाच सोडायला पकडतोय. घरी सांगितलं तर बायको म्हनते, डोकं फिरलं काय?"

झाकण सरकलं तसा आतून वास आला. सडका नव्हे, जुना. टॉर्चचा झोत खाली सोडला. पाणी काळं, वर साय धरल्यासारखी. काही हलत नव्हतं. साहेब म्हणाले, "काका, सॉरी." आणि तेवढ्यात खालच्या पायरीपाशी काहीतरी सरकलं. उजेडाकडं आलं. मान वर केली.

कोळीण ओरडली, "मालक! जित्ते हायत!"

भावानं जाळ्यात घेऊन वर काढलं. त्याचं कवच पांढुरकं पडलं होतं, भिंतीचा जुना चुना असतो तसं. डोळे मिटलेले. भाऊ म्हणाला, लगेच तलावात न्या. मी म्हटलं, आधी वर. ओलं पोतं घमेल्यात घालून कासव त्यात ठेवलं आणि लिफ्टमध्ये शिरलो. पहिल्या मजल्यावर एक बाई आत आल्या, घमेलं बघून भिंतीला चिकटल्या.

"काका, चावतं का हो?"

"तुम्ही नाही चावलात तर नाही चावणार."

वर हिला उशीला टेकून बसवलं आणि घमेलं पलंगाजवळ ठेवलं. तिनं हात लांब करून कवचाला लावला. "किती हलकं झालंय ओ." मग म्हणाली, "गॅलरीत ठेवा. उन्हात." ठेवलं. पलंगावरून तिला दिसत होतं. बराच वेळ काही झालं नाही. मी म्हटलं, "उशीर होतोय." ती म्हणाली, "थांबा की." आणि मग कासवानं मान बाहेर काढली, हळूहळू, अगदी पूर्वीसारखी लांब. ही तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. रडताना तिला धाप लागली, मग मलाच म्हणाली, "न्या आता. माझ्यासाठी नका अडकवू."

तलावाच्या पायऱ्यांवर कोळणीच्या भावानं आधी ओंजळी ओंजळी तलावाचं पाणी त्याच्यावर घातलं, पाणी ओळखू दे म्हणाला. मग सोडलं. थोडं थांबलं आणि गेलं.

घरी आलो. तिनं विचारलं, "गेलं?"

"गेलं. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही."

"तुमच्यासारखंच." ती हसली. मला वाटलं, सुटली एकदाची. पण थोड्या वेळानं परत विचारलं, "आणि मासे? आणि बाकीचे?"

मी खरं ते सांगितलं. "अंधार होता. पाणी काळं होतं. काही दिसलं नाही."

तिनं भिंतीकडं कूस वळवली. त्यानंतर तिनं ते पुष्कळदा विचारलं. कधी जेवताना, कधी औषध घेताना. "बाकीचे असतील का हो?" मी म्हणायचो, "मला काय ठाऊक?" मला खरंच ठाऊक नव्हतं. तेवढ्यासाठी झाकण परत उघडायला मागावं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या नाही, कोळणीच्या नाही, आणि तिच्याही नाही.

चातुर्मास लागला आणि ती गेली. शेवटी पाणीही घेईना. बस्तीतले लोक म्हणाले, अन्नपाणी सोडून समाधिमरण आलं, भाग्यवान. मी म्हटलं, तिला गिळता येत नव्हतं. त्यांचं चुकलं नाही, मला धीर द्यायला बोलत होते. पण मला ते नको होतं.

ती गेल्यावर स्वयंपाक मी करतो. भाकरी जाड होते. पाणी मी तिच्याच फडक्यातून गाळतो. खिळ्याला टांगलेलं असतं, ती असताना होतं तिथंच. एक दिवस फडकं पिळता पिळता हात थांबला. काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे बघायचं साधन तेच. जन्मभर तिनं त्यानंच बघितलं. विहिरीत जीव आहेत की नाहीत, हे टॉर्चनं कशाला कळायला हवं? एक पोहरा पाणी काढायचं आणि गाळायचं, बस.

साहेब गणपतीला पुण्याला गेले. आमचं दशलक्षण लागलं होतं. जागा मोकळी. वॉचमन आणि त्याच्याबरोबरचा एक, दोघांनी झाकण सरकवलं. आता ते सेक्रेटरींना विचारत नाहीत. कोळीण खुर्ची घेऊन आली. मी आधी साधा पोहरा सोडला. काळं पाणी आलं. कोळणीनं नाकाला पदर लावला.

"भाऊ, ह्यात काय जगनार?"

मी हंड्यावर फडकं दुहेरी बांधलं आणि पाणी ओतलं. पाणी खाली गेलं, फडक्यावर थोडा गाळ राहिला. मी हंडा ओढत ओढत बाहेर उजेडात नेला. पाऊस थांबला होता, ऊन पडलं होतं. आम्ही दोघं वाकून बघायला लागलो. आधी नुसता गाळ. मग त्यात एक तांबडा दोरा वळवळला. मग दुसरा. मोहरीपेक्षा बारीक काहीतरी टुणकन उडालं, परत उडालं. मग सगळ्या फडक्यावरच हलतंय असं दिसायला लागलं.

कोळणीनं नाकावरचा पदर सोडला. मग म्हणाली, "सोडा लवकर. सुकतील."

मी गाळलेलं पाणी फडक्यावर उलटं ओतलं, जिवाणी कडीच्या पोहऱ्यात घेतली. गुडघे धरून झाकणापाशी बसलो. पोहरा खाली सोडला. माझा हात तिच्यासारखा नाही, दोन-तीनदा भिंतीला लागला. बूड टेकल्याचं दोराला कळलं तशी बारीक दोरी ओढली. आवाज आला नाही.

"आज वहिनी पायजे व्हती," कोळीण म्हणाली.

कासव काढलं त्या रविवारी झाकण उघडं होतं. फडकं चौथ्या मजल्यावर खिळ्याला होतं. कडीचा पोहरा पलंगाखाली होता, ती झोपली होती त्याच पलंगाखाली. लिफ्ट चालू होती. ती विचारत होती, बाकीचे असतील का हो, आणि मला एवढंच सांगायचं होतं, आहेत. तेवढं सांगायचं राहिलं.

झाकण लावून आम्ही वर आलो. साहेब पुण्याहून परत आले, गाडी परत तिथंच लागली. हॉर्न वाजला तेव्हा मी गॅलरीत फडकं वाळत घालत होतो.